मीटरवर न आलेले फेरे

मित्रांनो, पट्टा म्हटलं की तुम्हाला कमरेचा आठवेल, नाहीतर कुत्र्याच्या गळ्यातला. मी त्यांतला नव्हे. मी मोटारगाडीच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट. आता जुना, काढलेला, आणि वारज्यातल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवलेला. माझ्या एका बाजूला चहाची गाळणी आहे, दुसऱ्या बाजूला दिनदर्शिका. गाळणी मला कमी लेखते. तिला वाटतं, रोज काम करणाऱ्यांच्या भिंतीवर हा रिकामटेकडा कशाला. पण मला इथे मुद्दाम लटकवलंय, आणि त्यामागे एका कुटुंबाचा जीव टांगणीला लागला होता, हे तिला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या, म्हणजे पुढची माझी घालमेल कळेल. इंजिनाच्या तळाशी एक दांडा फिरतो. त्याला जोडलेले पिस्टन खाली-वर होत असतात. इंजिनाच्या माथ्यावर दुसरा दांडा फिरतो, तो झडपा उघडतो आणि मिटतो. खालच्याने दोन फेरे घेतले की वरच्याने एक घ्यायचा, कमी नाही, जास्त नाही. हे दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत. मधे मी. माझ्या आतल्या अंगाला दात असतात, ते दोन्हीकडच्या चाकांच्या खाचांत बसतात, आणि मी खालच्याचा निरोप वरच्याला पोचवत राहतो. निरोप तुटला तर झडप उघडीच राहते आणि खालून येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो. झडपा वाकतात आणि इंजिन आहे त्या जागी बंद पडतं. गाडी धावत असली तरी. घाटात असली तरी. मागे ऊस भरलेला ट्रक असला तरी.

एवढी जबाबदारी, आणि अंगात काय, तर रबर आणि त्याच्या आत काचेच्या धाग्यांचा पीळ.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळा कुळकुळीत आणि लवचिक होतो. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर होता आणि कुठल्या दिशेने फिरायचं त्याचा बाण. आयुष्यात कुठे जायचं हे जन्मतःच पाठीवर छापून मिळावं, हे सुख माणसांना नाही. त्यांना ते आईवडील तोंडी सांगतात, आणि रोज सांगतात. मला इंजिनावर चढवलं, टेन्शनर नावाच्या एका चाकाने मला ताणून धरलं, शेजारी पाण्याचा पंप येऊन बसला, आणि वरून प्लॅस्टिकचं काळं झाकण लागलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी उजेड पाहिला नाही. पुण्याचा एकही रस्ता मी डोळ्यांनी बघितलेला नाही. पण कुठल्या चौकात कुठला खड्डा आहे, ते मला विचारा. आणि झाकणाआडून ऐकू मात्र सगळं येतं.

माझ्या मालकांचं नाव दीनानाथराव. वीज मंडळाच्या मीटर तपासणी विभागातून निवृत्त झालेले. लोक वीज चोरतात आणि मीटर ते सांगतं, यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. त्यामुळे जे मीटरवर आलं ते खरं, आणि जे आलं नाही ते घडलंच नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या पत्नीला, मंदाकिनीबाईंना, एकदा गाडीत चक्कर आली, तर त्यांनी आधी साखर मोजायच्या यंत्राकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. माणूस वाईट नव्हे. माणसांची जमेची बाजू मी विसरत नाही. गाडीवर कायम कापडी खोळ असे. धूळ बसायच्या आत पुसली जाई. दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. हार बॉनेटला, कुंकू बॉनेटला. झाकणाआडच्याला कोण कुंकू लावतंय.

पण गाडी बाहेर काढायची म्हटली की दीनानाथरावांच्या अंगावर काटा येई. कर्वे रोडला पार्किंग मिळत नाही. चांदणी चौकात लोक कशाही गाड्या घालतात. लग्नाला जायचं तर हॉलवाले गाडी कुठे लावायला सांगतील याचा नेम नाही. त्यापेक्षा बस बरी, पास आहेच. म्हणून आमची गाडी पार्किंगमध्ये उभी राहून म्हातारी होत चालली, आणि मीटरवरचा आकडा मात्र नव्या नवरीसारखा लाजून तिथल्या तिथे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक नेम धरला. रोज सकाळी आंघोळ झाली की खाली यायचं, खोळ काढायची, इंजिन चालू करायचं, आणि चालकाच्या जागेवर बसून वर्तमानपत्र वाचायचं. गाडी जागची हलायची नाही. ठळक बातम्या झाल्या, निधनवार्ता झाल्या, अग्रलेख झाला की इंजिन बंद. मित्रांनो, अग्रलेख मोठा असला तर मलाही जास्त फिरावं लागे. निवडणुकीच्या वर्षात तर माझे फार हाल झाले. साथीच्या काळात बाहेर जायची बंदी होती. तेव्हा ते पुरवणीसुद्धा वाचत. मी फिरत होतो, तापत होतो, निवत होतो, दातांची मुळं झिजत होती, आणि यातला एकही फेरा त्या मीटरवर उमटत नव्हता.

शेजारच्या जागेत एक नवी गाडी उभी राहत असे. तिच्यात माझ्याऐवजी लोखंडी साखळी होती, टायमिंग चेन. आमची चुलत बहीणच म्हणा ना. ती तेलात राहते, जास्त वर्षं टिकते, आणि त्याचा तिला थोडा तोरा. तिच्या मालकाने वेळेवर ऑइल बदललं नाही म्हणून ती सैल झाली, आणि एका सकाळी अशी काही खडखडली की वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. दुसऱ्या दिवशी तिचा इलाज झाला. मला तिचा हेवा वाटला. साखळी दुखलं की ओरडते. आमच्या जातीला आवाज नाही. आम्ही आज नीट असतो आणि उद्या तुटलेले असतो. मधे कुरकुर नाही, कण्हणं नाही. म्हणून आमच्यात चांगलं मरण कुठलं, तर तुटायच्या आत काढून टाकलं जाणं. तुम्ही माणसं दीर्घायुष्य मागता, मी रोज माझ्या निरोपाची वाट बघत होतो.

वाट बघण्यासारखा एक माणूस होता. वारज्याच्या जुन्या गावठाणातले भीमराव. गॅरेज त्यांच्या वडिलार्जित जागेत, आणि बोलणं असं की इंजिन बंद असलं तरी गॅरेजात शांतता नसे. त्यांना माझं वय ठाऊक होतं. एका वर्षी सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा ते म्हणाले, "काका, औंदा बेल्ट बदलून टाकू. लई वर्षं झाली त्याला."

दीनानाथरावांनी शांतपणे सांगितलं की गाडीच्या पुस्तकात जेवढे किलोमीटर दिलेत त्याच्या निम्मेही झालेले नाहीत, मीटर बघा. भीमराव म्हणाले की पुस्तकात किलोमीटरच्या पुढे वर्षंही लिहिलेली असतात, दोहोंतलं जे आधी भरेल ते धरायचं. दीनानाथराव म्हणाले की ते पोटं भरण्यासाठी लिहितात. गाडी चाललीच कुठे आहे? नवीच आहे की.

त्या दिवसांत गॅरेजवर नवे पत्रे घालायचं चाललं होतं. वर ठोकाठोक ऐकू येत होती. दीनानाथराव म्हणाले, "नक्की काय बदलायचंय भीमराव? माझा बेल्ट की तुमचे पत्रे?"

गॅरेजमधले दोघंतिघं हसले. भीमराव हसले नाहीत. इतका बोलका माणूस, पण ऑइल बदलून बॉनेट लावेपर्यंत त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दारात एक पाटी आली होती. ती मला दिसली नाही, पण येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोठ्याने वाचे, म्हणून पाठ आहे. 'विचारल्याशिवाय सल्ला मिळणार नाही. विचारून न ऐकणाऱ्यांनी विचारू नये.'

पाटी कुणासाठी होती हे दोघांनाही कळत होतं. त्यानंतर दर वर्षी दीनानाथराव तिथेच जात, कारण गॅरेज बदलणं म्हणजे आपलं चुकलं असं कबूल करणं. भीमराव ऑइल बदलत, फिल्टर बदलत, काम चोख करत, कारण काम बिघडवणं म्हणजे दीनानाथराव खरे ठरणं. एकाने विचारायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं नाही. दोघांचा मान शाबूत होता. त्या मानाचा सगळा भार माझ्या दातांवर होता. एकदा भीमरावांनी माझ्या झाकणावर बोटाने टकटक केली. मला वाटलं, आता उघडतील. त्यांनी थोडा वेळ हात तिथेच ठेवला, दीनानाथराव काही विचारतात का याची वाट पाहिली. दीनानाथरावांनी विचारलं, "यंदा उन्हाळा जास्त आहे, नाही?" हात उचलला गेला.

त्याच उन्हाळ्यात मला पहिली भेग पडली. एका दाताच्या मुळाशी, केसाएवढी. पुढच्या वर्षी शेजारच्या दाताला. मग पाठीवर आडव्या रेघा उमटू लागल्या, चिखल वाळल्यावर उमटतात तशा. मी कडक होत चाललो. चाकावरून वळताना पूर्वी जे सहज होई, तिथे आता अंग आखडे. रोज सकाळी किल्ली फिरली की मनात एकच प्रश्न येई, आज का? अग्रलेख संपला की वाटे, आज नाही.

तरी तोवर एक दिलासा होता. उभ्या गाडीत तुटलो असतो तर इंजिनाचं नुकसान झालं असतं, माणसाचं नाही. तो दिलासा अवनी आली आणि गेला.

अवनी त्यांची नात, मुलाची मुलगी. आईवडील नाशकाला, आणि हिला नोकरी हिंजवडीत, म्हणून आजीआजोबांकडे राहायला आली. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता तिचा अर्धा दिवस जाई. तिने गाडी शिकून परवाना काढला आणि आजोबांच्या मागे लागली की एवढी गाडी उभी आहे तर मी नेते. दीनानाथरावांनी बरेच दिवस 'बघू' म्हटलं. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, हे तिला नाशकाची असल्यामुळे कळलं नाही, आणि ती विचारत राहिली. शेवटी ते म्हणाले की आधी वाईला जाऊन येऊ. मंदाच्या ताईचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तू चालव, मी शेजारी बसतो. नीट चालवलीस तर परत आल्यावर किल्ली तुझी.

घरात आनंदीआनंद झाला. मंदाकिनीबाईंची ही थोरली बहीण मुक्ताई, आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलेलं. एक्क्याऐंशी दिव्यांनी तिचं औक्षण होणार होतं, आणि पहिला मान धाकट्या बहिणीचा. बाईंनी कुठली साडी, कुठला डबा, सगळं ठरवून टाकलं.

मी काय ठरवणार? वाई म्हणजे कात्रजचा बोगदा, मग खंबाटकीचा घाट. घाटात इंजिन जोरात चालतं, तापतं, आणि मला जीव खाऊन धावावं लागतं. चालवायला नवी मुलगी, शेजारी आजोबा, मागे आजी. आणि तिथून सुखरूप परत आलो, तर रोज हिंजवडीचा महामार्ग. मी मनातल्या मनात दात मोजायला लागलो. किती पक्के, किती हलणारे. हा हिशेब दर वेळी जरा जास्त वाईट येई.

निघायचा दिवस उजाडला. दीनानाथराव रोजच्यापेक्षा लवकर खाली आले. लांबचा प्रवास, म्हणून इंजिन जास्त वेळ गरम करायचं ठरवून वर्तमानपत्र उघडून बसले. अवनी डिकीत सामान भरत होती. मंदाकिनीबाई डबे घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर टेकल्या. त्यांनी डबे पायाशी नीट लावून घेतले. मग म्हणाल्या,

"अहो, हा आकडा मघापासून तसाच आहे."

दीनानाथरावांनी पान उलटलं. "गाडी उभी आहे ना. उभ्या गाडीचा आकडा हलत नाही, मंदा."

"पण आत काहीतरी फिरतंय."

"फिरतंय की. इंजिन चालू आहे."

"मग ते फिरलेलं कुठे मोजता?"

वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मित्रांनो, मी माझं सगळं अंग कान केलं.

बाई मग सकाळची हकिगत सांगू लागल्या. प्रवासाच्या डब्यासाठी बटाटे उकडायला कुकर लावला. झाकणाची जुनी रबरी गॅस्केट सैल झाली होती, म्हणून जास्तीची आणून ड्रॉवरमध्ये ठेवलेली काढली. कित्येक वर्षांपूर्वीची, पिशवीतून पहिल्यांदाच काढलेली. शिट्टी झालीच नाही, सगळी वाफ कडेने गेली. बघतात तर गॅस्केटला पापडासारखे तडे. आणि दीनानाथराव न्हाणीघरातून म्हणाले होते, नवीच आहे की, वापरली कुठे होती.

"हेच वाक्य तुम्ही भीमरावांना ऐकवलं होतं," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा मागच्या सीटवर होते. बेल्टवरून."

दीनानाथराव म्हणाले की कुकर वेगळा आणि गाडी वेगळी, रबरातही प्रकार असतात, आणि कंपनीने काही विचार करूनच आकडा दिला असणार. त्यांच्या आवाजात नेहमीची धार होती, पण ते जरा जास्त वेळ बोलले. खात्री असलेला पुणेकर इतका वेळ बोलत नाही.

बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज सकाळी माझ्या पोह्यांना धुराचा वास येतो. स्वयंपाकघराची खिडकी इथेच उघडते. तो धूर कुठल्या मीटरवर आलाय तेवढं दाखवा. मग निघू."

मीटर तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने वर्तमानपत्राची घडी घातली. अवनी हळूच म्हणाली की भीमरावकाकांचं गॅरेज वाटेवरच आहे, दाखवून पुढे जाऊ. तेव्हा आजोबांचा खरा अडसर बाहेर आला. तिथे गेलो की लगेच सुटका नाही, ताईची पूजा चुकेल, तूच मग वर्षभर मला बोलशील.

"बोलेन," बाई म्हणाल्या. "पण गाडी ही पोर चालवणार आहे, आणि पुढे घाट आहे. चल गं अवनी. आधी गॅरेज."

ते गॅरेज किती जवळ, तुम्ही चालत गेलात तरी दमणार नाही. पण मला ते अंतर संपता संपेना. अवनीने गाडी अलगद काढली. पार्किंगच्या चढावर तिने जरा जास्त रेस केली आणि माझ्या एका दाताचं मूळ कळ आल्यासारखं ताणलं गेलं. सर्व्हिस रोडला रिक्षा आडवी आली, तिने ब्रेक लावला, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि घाबरून तिने पुन्हा जोर दिला. तो दात सुटला. पुरता नाही, दोन धाग्यांवर लोंबत राहिला. आता एका जागी जरी मी चाकावरून घसरलो तर मागून येणाऱ्या बसच्या पुढ्यात ही तिघं उभी. आत आजी तिला सांगत होत्या की घाबरू नकोस, हळूहळू चल, आणि मला वाटलं त्या माझ्याशीच बोलताहेत. मी प्रत्येक फेऱ्याला तो लोंबता दात सांभाळून खाचेत बसवत राहिलो. बसला. पुन्हा बसला. पुन्हा.

गाडी थांबली.

"या काका. हवा भरायची का?" भीमरावांनी विचारलं. आवाज नम्र होता, आणि नम्रतेच्या आत पाटी होती.

दीनानाथराव खाली उतरले. ते दारातच थबकले. दारातली पाटी वाचत असावेत, किंवा वाचायचं नसूनही तीच दिसत असावी. इंजिन अजून चालू होतं. मी फिरत होतो, आणि या दोघांच्या अहंकारापेक्षा माझे दोन धागे जास्त वेळ टिकायला हवे होते.

"भीमराव," दीनानाथराव म्हणाले, "विचारतोय."

"काय विचारताय?"

"बेल्टचं."

भीमरावांना आता काय काय म्हणता आलं असतं! इतक्या वर्षांची थकबाकी होती, आणि गॅरेजात ऐकायला माणसंही होती. पण ते अवनीला म्हणाले, "ताई, आधी इंजिन बंद करा."

किल्ली फिरली. मी थांबलो. इतकं गोड थांबणं मला आयुष्यात माहीत नव्हतं.

काम दिवसभराचं होतं, सामान नाना पेठेतून आणावं लागणार होतं. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी रिक्षा थांबवली, अवनीला घेतलं आणि एसटीने वाईला जायला स्वारगेट गाठलं. जाताना एक डबा गॅरेजच्या बाकावर ठेवला आणि दोघांना सांगून गेल्या, "दोघांत आहे. बोलत बोलत खा."

मग भीमरावांनी झाकण काढलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, आणि दीनानाथराव मला पहिल्यांदाच दिसले. आवाजावरून मला ते उंच वाटले होते. बुटकेच होते, चष्म्यावरून वाकून बघत होते. भीमरावांनी दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवल्या, टेन्शनर सैल केला, आणि मला अलगद उतरवून दीनानाथरावांच्या हातात दिलं.

"उलटा वाकवा जरा," ते म्हणाले.

दीनानाथरावांनी मला वाकवलं. माझ्या पाठीवरच्या सगळ्या रेघा एकदम उघडल्या, आणि तो लोंबता दात सुटून त्यांच्या तळहातावर पडला. पाठोपाठ दुसरा. त्यांनी मूठ मिटली. मग पुटपुटले, "घाटात पोरगी..."

"नाय ना झालं. सोडा," भीमराव म्हणाले. आणि खाली मान घालून, "मी बी बोलायला पायजे होतं काका. पाटी लावून बसलो."

मग भीमराव म्हणाले की आता सगळं उघडलंच आहे तर टेन्शनर आणि पंपही बदलून घेऊ, जुने ठेवले तर नव्या बेल्टला तेच खातील, तेव्हा दीनानाथरावांचं तोंड सवयीने उघडलं. नजर आपोआप वर गेली, छपराकडे.

"बगा बगा," भीमराव म्हणाले. "तेच पत्रे हायत. अजून गळत्यात."

दीनानाथराव हसले. हसताना त्यांचा आवाज कसा येतो हेही मला तोवर माहीत नव्हतं.

जेवताना बाईंचा फोन आला. दोघी पोचल्या होत्या, पूजा आणि औक्षण आधीच होऊन गेलं होतं. पण मुक्ताईने एक दिवा विझू दिला नव्हता. मंदा आल्याशिवाय तो हलवायचा नाही म्हणून ती त्यात तूप घालत पाटावर बसून राहिली होती. बाईंनी त्या एका दिव्याने ओवाळलं. हे सांगून त्यांनी लगेच विचारलं की पोळ्या पुरल्या का.

संध्याकाळी गाडी तयार झाली. भीमराव मला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले, तर दीनानाथराव म्हणाले, "जुना बेल्ट द्या."

"काय करणार काका त्याचं?"

"माझा आहे."

तसा मी या खिळ्यावर आलो. बाईंनीच जागा निवडली, चहा पिताना त्यांच्या समोर येईल अशी. आता अवनी गाडी रोज हिंजवडीला नेते, त्यामुळे उभ्या इंजिनाची आरती बंद झाली आहे. अग्रलेख जेवणाच्या टेबलावर वाचला जातो. पोह्यांना धुराचा वास येत नाही. बाई म्हणतात, एवढंच झालं की मीठ कमी पडलं तर आता लपत नाही.

मित्रांनो, तुम्ही गाडीत बसता तेव्हा खिडकीची जागा मागता. एकदा हेही विचारा की आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर तो किती वर्षांचा झाला, आणि चेन असेल तर तिचं ऑइल वेळेवर बदललं का. मोठी माणसं चिडतील. म्हणतील, गाडी चाललीच कुठे आहे. तरी विचारा. कुरकुरणाऱ्या वस्तूंकडे सगळ्यांचं लक्ष जातं. ज्या मुकाट्याने झिजतात त्यांची चौकशी आधी करा, आणि अशी माणसंही घरात असतात. विचारायला मान थोडी वाकवावी लागते, हे खरं. मी वाकलो तेव्हा माझे दात पडले, कारण मी फार कडक झालो होतो. दीनानाथराव वाकले, तर त्यांचं काहीच पडलं नाही.

माझी काळजी मात्र सुटलेली नाही. सवय आहे ती. संध्याकाळ झाली की मी खिडकीकडे कान लावतो. बाईही ओट्यापाशी उभ्या राहून तेच करत असतात, पण तसं दाखवत नाहीत. कणीक मळून झालेली असते, तवा तयार असतो, आणि गॅस लावलेला नसतो. मग फाटकाशी आवाज येतो. नवा पट्टा आत एकसारखा, बिनतक्रार फिरतोय, हे मला इथून कळतं. गाडी आपल्या जागेवर येते. इंजिन बंद होतं. दार वाजतं.

बाई गॅस लावतात.